निकाल लागला, पण पैसे?
अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यावर मालाच्या थकलेल्या पैशांसाठी ‘चिशोम विरुद्ध जॉर्जिया’ हा खटला झाला. त्याबद्दल ‘तिथल्या सुप्रीम कोर्टाने चिशोमच्या बाजूने निकाल दिला आणि जॉर्जियाला पैसे मोजावे लागले’ असं म्हटलं जातं. निकाल खराच, १७९३ चा, चार विरुद्ध एक. पैशांचं मात्र तसं झालं नाही. मुळात जॉर्जियाचं म्हणणं होतं की आम्ही पैसे केव्हाच देऊन टाकले! १७७७ मध्ये सैन्यासाठी कापड, रुमाल, ब्लँकेटं घेतली ती रॉबर्ट फार्कर या व्यापाऱ्याकडून. खजिन्यातून रक्कम गेली ती राज्याच्या दोन मुखत्यारांकडे, आणि तिथेच मुरली. फार्कर बिचारा १७८४ मध्ये बुडून गेला. चिशोम हा त्याच्या मृत्युपत्राचा व्यवस्थापक, म्हणून खटल्याला त्याचं नाव.

जॉर्जिया कोर्टात उभंच राहिलं नाही. उलट हा निकाल अमलात आणेल त्याला फाशी, असं विधेयक तिथल्या खालच्या सभागृहाने मंजूर केलं (वरच्या सभागृहात ते अडलं, नशीब). मग १७९५ मध्ये अकरावी घटनादुरुस्ती आली आणि परराज्यातल्या नागरिकाने राज्यावर असा दावा लावायची वाटच बंद झाली. फार्करच्या वारसांशी १७९४ मध्ये जॉर्जियाने तडजोड केली खरी, पण हातात ठेवले रोखे. ते वटायला १८४७ उजाडलं.