अनुभव धागा: भाड्याने द्यायला म्हणून घेतलेलं घर

निवृत्तीला सहा वर्षं उरलीत. एफडी मोडून दुसरा फ्लॅट घ्यावा, भाडं हीच पेन्शन, असं घरात जवळपास ठरलंय. मी मात्र दर रविवारी वहीत आकडे मांडतो आणि दर रविवारी उत्तर वेगळं येतं. ज्यांनी घेतलाय त्यांनी प्रत्यक्षात काय झालं ते लिहा. सल्ले नकोत, ते एजंट रोज फोन करून देतात.

वाकडकर
2018 साली वाकडला टू बीएचके घेतला. हप्ता 39 हजार, भाडं 19. "वरचे वीस म्हणजे नातवाची भिशी समजा," असं सासरे म्हणाले होते. मार्च 2020 मध्ये आयटीतली दोन्ही भाडेकरू पोरं एकेक बॅग घेऊन गावी गेली. ऑगस्टमध्ये एकाचा फोन, "काका, सामान न्यायला येतो." दोन गाद्या, कुकर आणि इस्त्री नेली, गॅलरीतली वाळून काड्या झालेली तुळस तेवढी ठेवली. पुढे अकरा महिने घराला कुलूप. हप्ता आणि मेंटेनन्स कुणाला थांबतात! मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो (रिझर्व्ह बँकेचा दर, त्यावर कर्जाचं व्याज हलतं) 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला तेव्हा बँकेने हप्ता तोच ठेवला आणि मुदत वाढवली. स्टेटमेंट काढलं तेव्हा कळलं. आज भाडं 28 हजार येतं, तरी खिशातून 11 जातातच.

दुधीभोपळा
सिंहगड रोडला घर आहे. 23 हजार भाडं ऐकून नणंदेला हेवा वाटतो. तिला हे कोण सांगणार, की स्वतः राहात असाल तर पुणे मनपाच्या घरपट्टीत 40 टक्के सवलत असते, भाडेकरू आला की ती गेली. दर भाडेकरू बदलताना रंग, एजंटला एक महिन्याचं भाडं, मध्ये दीड-दोन महिने रिकामे. आयकरात मात्र दुरुस्तीची पावती असो-नसो, 30 टक्के सरसकट वजावट मिळते, तेवढं सुख.

आमच्या सोसायटीने 'भाडेकरू ठेवलाय' म्हणून महिन्याला 1,500 लावले होते. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहात नाही म्हणून सोसायटी लावते ते) सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा 2001 चा सरकारी आदेश आहे. त्याची प्रिंट घेऊन गेले. सेक्रेटरी काकांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "वहिनी, हे आम्हाला कुणी दाखवलंच नव्हतं." आता 180 रुपये येतात. मागचे परत मागितले तर म्हणतात, सर्वसाधारण सभेत मांडा.

सातासमुद्रापार
मालक अनिवासी, म्हणजे परदेशात राहणारा असेल तर भाडेकरूने भाड्यातूनच कर (टीडीएस) कापून भरायचा असतो, साधारण 31 टक्के. हे ऐकून दोन चांगली कुटुंबं दारातून परत गेली. बाकी सगळं भाऊ बघतो. त्याचे उपकार कुठल्या रकान्यात लिहायचे?

मिरजेची
आम्ही फ्लॅट घेतलाच नाही. आईच्या घरावर 2021 मध्ये चार खोल्या चढवल्या. सळईचा भाव काम चालू असतानाच वाढला, अंदाज दीड लाखाने चुकला. पण जागा आपली, कर्ज लहान. मेडिकल कॉलेजमुळे खोली आठवडाभरही रिकामी राहात नाही. विजेला सबमीटर आहेत, भाडं पाच तारखेला. आई मुलांना परीक्षेत रात्री चहा देते, ते मात्र हिशोबात धरलेलं नाही. आणि हो, करार लेखी करून नोंदवाच. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचाही नोंदवावा लागतो आणि जबाबदारी घरमालकाची असते. "ओळखीचाच आहे" म्हणून आम्ही एकदा टाळलं, तो ओळखीचा चार महिने भाडं न देता राहिला.

धागाकर्ता
मिरजेच्या ताई, साताऱ्याच्या आमच्या घराची गच्ची मोकळी आहे. परवानगीला किती वेळ लागला?

मिरजेची
परवानगीचं नंतर बघा दादा. आधी खालचे कॉलम पेलतील का ते इंजिनिअरला दाखवा. आमचे दोन पेलणारे नव्हते, त्या दीड लाखातले साठ हजार तिथेच गेले.