खाली दुकान, वर घर: बडोद्याबाहेरच्या भायली-सेवासीकडच्या प्लॉटची भुरळ

दांडियाबाजारकर
परवा कुणीतरी इथे सल्ला दिला: "भायलीच्या पुढे मिक्स्ड यूजचा प्लॉट घ्या, खाली दोन दुकानं, वर घर, भाड्यातच हप्ता फिटेल." खाली वाहवांची रांग! अहो, मिक्स्ड यूज हे ब्रोशरवर छापतात, सातबाऱ्यावर नाही. एन.ए. (बिनशेती परवानगी) फक्त रहिवासासाठी असेल, तर शटर बसवलं की भानगड सुरू. दुकानाला परवानगी समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते, आणि दलाल जो रुंद रस्ता दाखवतो तो बहुधा अजून टी.पी.च्या (नगररचना योजनेच्या) नकाशातच असतो. टी.पी. पडली की जमिनीत कपात 40 टक्क्यांपर्यंत, आणि उरलेल्याचा नव्याने आखलेला 'फायनल प्लॉट' हाती येतो. कोपऱ्याचा म्हणून जादा मोजलात, फायनल प्लॉट आतल्या गल्लीत मिळाला, तर कुणाकडे रडणार? आणि जमीन अजून शेतीचीच असेल, तर खातेदार शेतकरी नसलेल्याला दस्त करताच येत नाही. मग बानाखतावर (नुसत्या विक्री-करारावर) पैसे द्या आणि 'एन.ए. झालं की लगेच दस्त' याची जपमाळ ओढा.

वासणारोडवाला
झालं? घाबरवणं सोपं असतं. मी टी.पी. फायनल झाल्यावरच घेतला, बहुहेतुक एन.ए. बघून. एप्रिल 2023 मध्ये जंत्री (जमिनीचे सरकारी दर) दुप्पट झाली त्याच्या आधी दस्त उरकला. खाली औषधाचं दुकान आहे, भाडं तारखेला येतं. तुम्ही बसा वाड्याच्या वाटणीची तारीख पडायची वाट बघत. आणि ऑगस्ट 2024 च्या पुरात शहरात पाणी कुठवर होतं ते सांगा ना. माझं शटर एक दिवस बंद नव्हतं.

समाकडची मावशी
पुराचं नाव काढलंत म्हणून लिहिते. आमचा फ्रिज तरंगत जाऊन जिन्याच्या कठड्याला अडकला होता. पाणी ओसरल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये मगर. तुमच्या त्या घरांच्या नव्या स्कीमांनी शिवारातले कांस (पावसाचं पाणी वाहून नेणारे नाले) बुजवले, तळी भरली. मग पाणी जाणार कुठे? आमच्या घरात!

वासणारोडवाला
मावशी, तुमच्या घरात पाणी आलं ते विश्वामित्री नदीचं. आजवा धरणाचे 62 दरवाजे काय माझ्या प्लॉटवर आहेत?

समाकडची मावशी
पाणी आजव्यातून येतं हे बडोद्यात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. ते पुढे का सरकत नाही, ते विचारा. भाच्याच्या प्लॉटमागे गावनकाशात कांस आहे, जागेवर बिल्डरची कंपाऊंड भिंत. त्याने तक्रार केली तर शेजारीच अंगावर आले, "आमचे भाव पाडतोस का?" म्हणून.

निवृत्त ओव्हरसियर
काळा घोड्याच्या पुलापाशी नदीने 26 फुटांची धोक्याची पातळी माझ्या नोकरीत कैकदा ओलांडली, तेव्हा भायलीत ज्वारी होती. सगळं खापर नव्या स्कीमांवर नको. नदीच्या पात्रालगत शहरानेच बांधलं, त्यात आपली माणसंही होती.

समाकडची मावशी
म्हणजे आम्ही दोषी? वा! कागद साहेबांनी पास करायचे आणि बादल्या आम्ही उपसायच्या.

वासणारोडवाला
म्हणूनच म्हणतो, बाहेर पडा.

दांडियाबाजारकर
बाहेर म्हणजे वडसरला का? तेही बाहेरच होतं, आणि बुडालंही. धागा जमिनीचा आहे, पण मावशींचा मुद्दा माझ्या कामाचा निघाला: प्लॉट बघायला जाताना टी.पी.सोबत गावनकाशाही न्या, आणि पावसाळ्यात जा. दलाल उन्हाळ्यातच का बोलावतो ते कळेल.

वासणारोडवाला
चला, 'घेऊ नका'वरून 'बघून घ्या'वर आलात. प्रगती आहे.

दांडियाबाजारकर
'घेऊ नका' मी कुठे लिहिलं? वाचायचीही तसदी घेतली नाहीत, आणि म्हणे एन.ए. बघून घेतला.

भाडेकरू (गोत्री)
मध्ये पडतो, माफ करा. भायली, सेवासी, बिल ही गावं 2020 मध्ये महापालिकेत आली. त्याआधीची ग्रामपंचायतीची रजाचिठ्ठी (बांधकाम परवानगी) दाखवून एक जण मला गाळा विकतोय. चालेल का?

निवृत्त ओव्हरसियर
ती चिठ्ठी खरी आहे का, ते आधी बघा. मग प्लॅनमध्ये 'गाळा' लिहिलंय की 'पार्किंग', ते बघा. पार्किंग असेल तर चहा पिऊन परत या.

वासणारोडवाला
माझ्या प्लॅनमध्ये दुकानच आहे. कुणी विचारलं नाही, तरी सांगतो.

समाकडची मावशी
आणि पार्किंग कुठंय?