मदत हवी आहे: आकाशवाणी सांगलीचा सुरुवातीचा काळ

नमस्कार. १९६३ साली सुरू झालेल्या आकाशवाणीच्या सांगली केंद्राच्या पहिल्या दोन दशकांची मी टिपणे काढत असून, त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

केंद्राचे मध्यम लहरींवरील प्रसारण १२५१ किलोहर्ट्झवर, म्हणजे सुमारे २४० मीटर तरंगलांबीवर होते. परंतु रेडिओ प्रसारणाविषयीच्या १९७५च्या जिनिव्हा कराराने या लहरींवरील केंद्रांच्या वारंवारतांमध्ये नऊ किलोहर्ट्झचे अंतर ठरवले आणि ते नोव्हेंबर १९७८पासून लागू झाले, त्यामुळे त्यापूर्वीचा आकडा थोडा वेगळा असावा असा माझा तर्क आहे. त्या आधीची कार्यक्रमपत्रिका, क्यूएसएल कार्ड (प्रसारण ऐकल्याचे कळवणाऱ्या श्रोत्याला केंद्राकडून मिळणारे पोचपत्र) किंवा रेडिओ परवान्याच्या पुस्तिकेत कोणी करून ठेवलेली नोंद (अशा नोंदी बऱ्याचदा अधिकृत कागदांपेक्षा बोलक्या असतात) आपल्याकडे असल्यास कृपया तिचे छायाचित्र द्यावे.

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा त्या दिवशी आणि पुढील आठवड्यात या केंद्रावरून कोणत्या सूचना व बातम्या दिल्या गेल्या, हे प्रत्यक्ष ऐकलेल्या किंवा तेथे काम केलेल्या व्यक्तींकडून समजल्यास फार उपयोग होईल. ऐकीव माहितीही चालेल, मात्र ती ऐकीव आहे असे स्पष्ट नमूद करावे.