जॉनी डियानी: साथीदार की बँडप्रमुख?

प्रश्न (खर्जप्रेमी):
दक्षिण आफ्रिकेचे डबल बासवादक जॉनी डियानी यांना मी आजवर ‘ब्लू नोट्स’ या जॅझ चमूतले साथीदार म्हणूनच ऐकले आहे. बँडप्रमुख म्हणून त्यांचे ध्वनिमुद्रण शोधू गेले, तर बहुतेक 1978 नंतरचेच सापडते. 1964 साली विशीही न गाठलेला हा वादक देशाबाहेर पडला; मग मधल्या काळात त्यांनी काय केले, आणि ऐकण्याची सुरुवात कुठून करावी?

उत्तर (जुनी तबकडी):
मधला काळ रिकामा मुळीच नव्हता. पियानोवादक ख्रिस मॅकग्रेगर गोरे आणि बाकीचे सारे कृष्णवर्णीय, अशा चमूला वर्णभेदी राजवटीत एकत्र वाजवणेच दुरापास्त झाले होते. म्हणून फ्रान्समधल्या अँतिब महोत्सवाचे निमंत्रण येताच ते निघाले आणि पुढे स्वित्झर्लंडमार्गे लंडनला पोहोचले. 1966 मध्ये डियानी आणि ड्रमवादक लुई मोहोलो हे सॅक्सोफोनवादक स्टीव्ह लेसी यांच्याबरोबर ब्वेनोस आयरेसपर्यंत गेले. सत्तरच्या दशकात डियानी स्कँडिनेव्हियात स्थिरावले. 1973 मध्ये पियानोवादक डॉलर ब्रँड, म्हणजेच अब्दुल्ला इब्राहिम, यांच्याबरोबर त्यांनी केलेले ‘गुड न्यूज फ्रॉम आफ्रिका’ आधी ऐका. त्यात माणसे दोनच, पण दोघेही वाजवता वाजवता गातात, त्यामुळे साथीदार कोण आणि प्रमुख कोण हा प्रश्नच उरत नाही.

उत्तर (मंद्रसप्तक):
वरील सूचना योग्यच आहे. मात्र प्रश्न बँडप्रमुखाचा असल्यामुळे मी ‘साँग फॉर बिको’ सुचवेन. वर्णभेदविरोधी लढ्याचे नेते स्टीव्ह बिको यांचा 1977 मध्ये पोलीस कोठडीत छळ होऊन मृत्यू झाला आणि पुढच्याच वर्षी हे ध्वनिमुद्रण झाले. डूडू पुक्वाना यांचा आल्टो सॅक्सोफोन, डॉन चेरी यांचे कॉर्नेट, मकाया न्त्शोको यांचे ड्रम आणि डियानींचा बास, एवढाच हा संच आहे. पियानो किंवा गिटार नसल्याने स्वरसंवादाचा सारा भार बासवर येतो: डियानी एखादी छोटी स्वरावली पुन्हा पुन्हा घोळवत राहतात आणि दोन्ही फुंकवाद्ये तिच्या आधाराने हवी तेवढी दूर जाऊन परततात. नेतृत्व म्हणतात ते मला इथे ऐकू येते, शीर्षकावरच्या नावात नव्हे.

उत्तर (जुनी तबकडी):
मान्य. 1986 मध्ये डियानी बर्लिनमध्ये वारले. त्यानंतर मॅकग्रेगर, पुक्वाना आणि मोहोलो यांनी ‘ब्लू नोट्स फॉर जॉनी’ ध्वनिमुद्रित केले, तेव्हा त्यांनी बासवर दुसऱ्या कोणालाही बसवले नाही.