मदत हवी आहे: वडिलांना पंप बसवावा की हृदयाची वाट बघावी?

घाईत_आहे: नमस्कार. वडिलांचं ईएफ (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) १५. डॉक्टर म्हणतात एलव्हॅड (हृदयाच्या डाव्या बाजूला मदत करणारा पंप) बसवा, हार्ट कधी मिळेल सांगता येत नाही. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. पंपावर माणूस किती वर्षं काढतो? गूगल करा असं कृपया कुणी सांगू नका.

चिवट_चिंच: वय? रक्तगट? क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी)? पुण्याच्या झेडटीसीसीत (अवयववाटप बघणारी संस्था) नोंदणी झाली का? मिलरिनोन-डोब्युटामिन (हृदयाला जोर देणारी सलाइनमधली औषधं) चालू आहे का? सलाइनवर अडकलेला माणूस आणि जिना चढणारा माणूस, दोघांचंही ईएफ १५ असू शकतं.

घाईत_आहे: ६१, ओ पॉझिटिव्ह, नोंदणी झालीय. बाकी फाइलमध्ये आहे. मी वर्षं विचारली होती.

धमनी: पंप हार्टमेट ३ च असेल असं धरते. एचव्हॅड हा दुसरा पंप २०२१ मध्ये बाजारातून काढून घेतला. मोमेंटम ३ चाचणीत हार्टमेट ३ वर ५ वर्षांनी साधारण ५८ टक्के रुग्ण हयात होते, जुन्या हार्टमेट २ वर ४४. नव्या पंपाचं चाक चुंबकावर अधांतरी फिरतं, त्यामुळे आत गुठळी होणं जवळजवळ थांबलं, स्ट्रोकही घटले. जंतुसंसर्ग आणि हृदयाच्या उजव्या बाजूचं फेल्युअर मात्र होतं तेवढंच राहिलं. शिवाय हे सगळे पारखून घेतलेले रुग्ण. किडनी-लिव्हर कायमचं गेलेल्यांना चाचणीत घेतलंच नव्हतं.

ओ गटाला फक्त ओ दात्याचं हृदय चालतं, आणि ते इतर गटांनाही चालतं. म्हणून तुमची रांग लांब.

पेठेतला_मी: आधी अर्जुनारिष्ट देऊन बघा. सकाळ-संध्याकाळ चार चमचे, समभाग पाण्यातून. डॉक्टर लोक हे सांगणार नाहीत.

चिवट_चिंच: नाहीच सांगणार. पंपानंतर वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) जन्मभर, आयएनआर (रक्त किती पातळ ते मोजणारी तपासणी) २ ते ३ मध्ये. त्यात काढा, आसव, फ्लुकोनाझोल, मेट्रोनिडाझोल, दुखण्याची गोळी, काहीही परस्पर घेतलं की आतड्यातून रक्तस्रावाचा धोका. मेथी-पालक (त्यांतलं व्हिटॅमिन के वॉरफरिनचा जोर कमी करतं) बंद करायची गरज नाही, पण आठवडाभर शून्य आणि रविवारी जुडीभर हे चालत नाही.

पेठेतला_मी: आयुर्वेदाला नावं ठेवायची फॅशनच आहे.

रांगेतला: माझं मत, हृदयासाठी थांबा. एकदा छाती उघडली की पुढच्या ऑपरेशनला आत सगळं चिकटलेलं मिळतं. वर रक्त चढवलं की अँटीबॉडी वाढतात, मग मिळालेलं हृदयही जुळत नाही.

धमनी: अर्धंच सांगताय. फुप्फुसातला दाब वाढून पीव्हीआर (फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा) ५ वुड युनिटच्या वर गेलेला असेल तर नवं हृदय मिळूनही त्याची उजवी बाजू बसते. पंपावर काही महिने गेले की तो दाब बऱ्याचदा उतरतो. अशांना पंप हीच प्रत्यारोपणाची वाट. रक्ताचं म्हणाल तर ल्युकोसाइट (पांढऱ्या पेशी) काढलेलंच मागायचं.

रांगेतला: ल्युकोसाइट काढल्याने धोका कमी होतो, संपत नाही.

धमनी: संपतो असं मी लिहिलेलं नाही. @घाईत_आहे, राइट हार्ट कॅथ (शिरेतून नळी घालून हृदयातले दाब मोजणं) झालं का?

कात्रज_बोगदा: घरचं बघितलंत का? पोटातून निघणारी ड्राइव्हलाइन (पंपाची केबल) ही खरी डोकेदुखी. ड्रेसिंगला मास्क, निर्जंतुक हातमोजे, क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक), आणि केबल पोटावर अँकरने पक्की. रिक्षात स्पीडब्रेकरवर केबलला हिसका बसला की छिद्राभोवतीचं मांस सुटतं, तिथूनच पू धरतो. दोन बॅटऱ्या कंपनीच्या हिशोबाने १७ तासांपर्यंत पुरतात. बदलताना एका वेळी एकच काढायची. दोन्ही निघाल्या तर कंट्रोलरच्या (पंप चालवणारा बाहेरचा डबा) आतल्या बॅटरीवर फक्त १५ मिनिटं. घरच्या विजेवर पंप चालवणाऱ्या युनिटवर या बॅटऱ्या चार्ज होत नाहीत, त्याला वेगळा चार्जर आहे. युनिटला अर्थिंगवालं थ्री-पिन हवं आणि बटण नसलेलं, नाहीतर पाहुणा सवयीने बंद करतो. गुरुवारी महावितरण दुरुस्तीला लाइट घालवतं, तेव्हा बुधवारी रात्रीच सगळ्या चार्ज.

साधा_प्रश्न: पेसमेकर बसवून भागत नाही का? आमच्या सोसायटीत तिघांना आहे.

चिवट_चिंच: पेसमेकर ठोका देतो, रक्त ढकलत नाही. पंपावर उलट नाडीच बऱ्याचदा लागत नाही. ऑटोमॅटिक बीपी मशीन एरर दाखवतं, डॉपलर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह ऐकणारं यंत्र) लागतो. सरासरी दाब ९० च्या वर गेला की स्ट्रोकचा धोका.

घाईत_आहे: कॅथचा कागद मिळाला. सीव्हीपी (हृदयाच्या उजव्या बाजूचा दाब) १७, वेज (डाव्या बाजूचा दाब) २४, पीव्हीआर ३.४. क्रिएटिनिन १.९. अ‍ॅस्पिरिनही लिहिलंय, ते कायम ठेवायचं का?

धमनी: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. १७ भागिले २४ म्हणजे ०.७१. ०.६३ च्या वर गेलं की पंपानंतर उजवी बाजू कोलमडण्याची भीती. पंप डावीकडून ओढणार, पण उजवीकडून पुढे रक्तच आलं नाही तर लो फ्लो (पंपातून रक्त कमी) अलार्म, मग किडनीला फटका. शुक्रवारी हो-नाही सांगण्याऐवजी तीन गोष्टी विचारा: लघवीची औषधं वाढवून पाणी काढल्यावर कॅथ पुन्हा करणार का? उजवीकडे तात्पुरता पंप लावायची सोय तिथेच आहे का? आणि १.९ क्रिएटिनिन हृदयामुळे की किडनी मुळातच खराब?

अ‍ॅस्पिरिनबद्दल: हार्टमेट ३ वर अ‍ॅस्पिरिन न देता रक्तस्राव साधारण एकतृतीयांशाने कमी झाला आणि गुठळ्या वाढल्या नाहीत, असं २०२३ च्या एरीज चाचणीत दिसलं. पण स्टेंट असेल तर गोळी वेगळ्या कारणाने असते. स्टेंट आहे का?

घाईत_आहे: दोन आहेत. सांगायचं राहिलं.

चिवट_चिंच: बघा!

कात्रज_बोगदा: इन्व्हर्टर घेणार असाल तर प्युअर साइन वेव्हच. स्क्वेअर वेव्हवर हे युनिट लावू नका.

साधा_प्रश्न: फ्रिजसाठी पण तोच घ्यावा का?

कात्रज_बोगदा: वेगळा धागा काढा.