चेहऱ्यावरची उत्पादने कमी करायची आहेत. नेमके काय ठेवावे?

चष्मेवाली (प्रश्न):

नमस्कार. सध्या सकाळ-संध्याकाळ मिळून फेसवॉश, टोनर, व्हिटॅमिन सी सीरम, नायसिनामाइड सीरम, रेटिनॉल, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, शिवाय अधूनमधून ग्लायकॉलिक अ‍ॅसिड, एवढे सगळे माझ्या चेहऱ्यावर लागते. काही आठवड्यांपासून नाकपुड्यांच्या कडेला आणि हनुवटीवर बारीक पापुद्रे निघत आहेत, चेहरा धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी वाटते, आणि पूर्वी कधीही न झोंबलेले साधे मॉइश्चरायझरही आता लावताक्षणी चुरचुरते. त्यातच दुपारपर्यंत कपाळ तेलकट होत असल्यामुळे त्वचेला कोरडी म्हणावे की तेलकट, हेच कळेनासे झाले आहे. यांतील काय ठेवावे आणि काय काढावे? ‘बॅरियर रिपेअर’ (त्वचेचा संरक्षक थर दुरुस्त करणारे) म्हणून विकले जाणारे क्रीम वेगळे घ्यावे लागते का? की सगळे बंद करून एखादे नैसर्गिक तेल लावणे पुरेसे आहे?

रसायनप्रेमी:

तुमच्या वर्णनातील सर्वांत बोलकी खूण म्हणजे साधे मॉइश्चरायझर झोंबणे. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर, म्हणजे स्ट्रॅटम कॉर्नियम, तळहात आणि तळपाय वगळता बहुतेक ठिकाणी १० ते २० मायक्रोमीटर इतकाच जाड असतो. साध्या कागदाच्या जाडीच्या पाव भागाहूनही कमी. चपट्या मृत पेशी आणि त्यांच्यामधील फटी भरून काढणारे सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले हे तीन प्रकारचे स्निग्ध पदार्थ, एवढ्यावर हा थर शरीरातील पाणी आत आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ बाहेर ठेवतो. हे स्निग्ध पदार्थ विस्कटले की एरवी वरच्या वर राहणारे घटक खालच्या जिवंत थरातील मज्जातंतूंपर्यंत पोहोचतात आणि चुरचुर सुरू होते. त्यामुळे दोष त्या मॉइश्चरायझरचाच असेल असे नाही.

कपाळाच्या तेलकटपणाचे कोडेही येथेच सुटते. कपाळावर दिसणारे तेल सीबम ग्रंथींमधून येते, तर पेशींमधले स्निग्ध पदार्थ त्वचेच्या पेशी स्वतः तयार करतात. हे दोन स्रोत वेगळे असल्यामुळे वरून तेलकट आणि आतून पाणी गमावणारी त्वचा एकाच चेहऱ्यावर असू शकते. अशा वेळी तेल घालवण्यासाठी अधिक तीव्र फेसवॉश वापरल्यास नुकसान वाढते.

आता पीएचविषयी, म्हणजे आम्लता मोजण्याच्या आकड्याविषयी (आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) थोडे, कारण हा मुद्दा बहुतेक चर्चांमध्ये जाहिरातीपुरताच येतो. त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच साधारण ४.५ ते ५.५ असतो, तर पारंपरिक साबणाचा ९ ते १० च्या आसपास. सेरामाइड तयार करण्याच्या अखेरच्या टप्प्यातील एन्झाइमे आम्लधर्मी वातावरणातच नीट काम करतात. याउलट पीएच वर सरकला की मृत पेशींना एकत्र धरणारे दुवे कापणारी एन्झाइमे अधिक सक्रिय होतात आणि पेशी वेळेआधी सुटू लागतात. म्हणजे बांधकाम मंदावते आणि तोडफोड वाढते. निरोगी त्वचा काही तासांत पीएच पूर्ववत करते, परंतु वारंवार धुतल्यास तिला ती उसंत मिळत नाही.

रिपेअर क्रीमबाबत माझे मत असे की ते आवश्यक नाही. सूज किंवा आजार नसलेल्या तरुण त्वचेत प्रयोगासाठी हेतुपुरस्सर बिघडवलेला हा थर साधारण ३ दिवसांत सावरतो. वयाबरोबर हा वेग मंदावतो. रोज नवे काही चोळले जात असेल तर अर्थातच हे गणित लागू होत नाही. शिवाय प्रयोगांमध्ये असे दिसले आहे की बिघडलेल्या त्वचेवर वरील तीन स्निग्ध पदार्थांपैकी एक किंवा दोनच लावले तर भरपाई उलट लांबते. तिन्ही एकत्र असतील तरच ती सुरळीत होते. म्हणून डबीवर केवळ ‘सेरामाइड’ असे ठळक छापलेले पाहून जास्त पैसे मोजू नयेत.

निवांत:

वरील स्पष्टीकरण योग्य आहे. मी फक्त व्यवहाराचे सांगते. ग्लायकॉलिक अ‍ॅसिड, रेटिनॉल, व्हिटॅमिन सी आणि टोनर लगेच थांबवा. नायसिनामाइड हा शत्रू नव्हे, त्याने सेरामाइडची निर्मिती वाढते, तरीही सध्या तेही बाजूला ठेवावे, कारण चुरचुरणाऱ्या चेहऱ्यावर कोणता घटक काय करतो आहे हे ओळखता येत नाही. सकाळी केवळ कोमट पाणी पुरेसे असते. रात्री सनस्क्रीन काढण्यासाठी सुगंधविरहित, कमी फेस होणारा क्लेन्झर वापरावा. चेहरा टॉवेलने घासण्याऐवजी टिपून घ्यावा आणि थोडा ओलसर असतानाच ग्लिसरीन असलेले साधे मॉइश्चरायझर लावावे. तेही झोंबत असेल तर रात्री पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर द्यावा: मटारच्या दाण्याहून कमी जेली बोटांमध्ये पसरवून फक्त पापुद्रे निघत असलेल्या जागी टेकवायची. ती पाण्याची वाफ रोखते आणि थराची स्वतःची दुरुस्तीही थांबवत नाही.

सनस्क्रीन मात्र काढू नका. ग्लायकॉलिकसारखी अ‍ॅसिडे बंद केल्यावरही सुमारे आठवडाभर त्वचेला ऊन अधिक बाधू शकते. सध्याचे झोंबत असेल तर झिंक ऑक्साइडवर आधारित घ्यावे. प्रमाणात कसर करू नये, कारण एसपीएफचा, म्हणजे सनस्क्रीन किती संरक्षण देते ते दाखवणारा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो आणि बहुतेक लोक त्याच्या निम्मेही लावत नाहीत.

अबोली:

आपण दोघांनीही तेलाच्या प्रश्नाला बगल दिली आहे. मला तेल हा सर्वांत साधा पर्याय वाटतो. एकच घटक, सुगंध नाही, प्रिझर्वेटिव्ह नाही. कमीत कमी उत्पादने वापरायची असतील तर याहून कमी ते काय असणार?

रसायनप्रेमी:

घटकांची यादी लहान असणे आणि घटक सौम्य असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. तेलातील मेदाम्ले कोणती, यावर सगळे अवलंबून असते. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्लाचे प्रमाण खूप असते आणि ते आम्ल पेशींमधील स्निग्ध थरांची रचना विस्कळीत करते. हातावर काही आठवडे ऑलिव्ह तेल लावलेल्या प्रौढांमध्ये हा थर कमकुवत झाल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. त्याच अभ्यासात सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. सूर्यफुलाच्या तेलात आढळणाऱ्या लिनोलेइक आम्लाचे महत्त्व तर फार पूर्वीच कळले आहे. १९२९ साली जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर यांनी उंदरांच्या आहारातून मेद पूर्णपणे वगळला, तेव्हा त्यांच्या त्वचेवर खवले धरू लागले, आणि पुढे लिनोलेइक आम्ल हे शरीराला बाहेरूनच मिळवावे लागते हे स्पष्ट झाले. तेव्हा तेल वाईट असे मी म्हणणार नाही, परंतु ‘नैसर्गिक’ या शब्दाने काहीच सिद्ध होत नाही.

चष्मेवाली:

सर्वांचे आभार. एक शंका उरते. रेटिनॉल मी मुरमांसाठी घेत होते. ते कायमचे सोडावे का?

निवांत:

कायमचे सोडण्याची गरज नाही. कमी उत्पादने वापरणे म्हणजे उपचार टाळणे नव्हे; मुरमांवर परिणामकारक असलेला एक घटक ठेवणे हे त्या विचाराशी पूर्णपणे सुसंगत आहे. चुरचुर आणि ओढ थांबल्यावर आणखी काही आठवडे जाऊ द्या, मग रेटिनॉल आठवड्यातून दोन रात्री, मॉइश्चरायझर लावल्यानंतर त्यावर, अशा रीतीने सुरू करा. त्याच काळात दुसरे काहीही नवे आणू नका. कोणतेही नवे उत्पादन आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, किमान आठवडाभर लावून पाहावे. ॲलर्जी उमटायला काही दिवस लागतात, त्यामुळे एका रात्रीच्या चाचणीला फारसा अर्थ नसतो.

शेवटी एक सावधगिरी, कारण आपण सर्वांनी हा त्रास उत्पादनांचाच आहे असे गृहीत धरले आहे. नाकपुड्यांच्या कडेचे पापुद्रे पिवळसर आणि चिकट असतील, भुवयांमध्ये किंवा केसांतही कोंडा असेल, तर तो सेबोऱ्हिक डर्मटायटिस हा त्वचेच्या दाहाचा आजार असू शकतो. त्यात त्वचेवर नेहमी राहणाऱ्या मॅलासेझिया या यीस्टचा (एक प्रकारच्या बुरशीचा) हात असतो, आणि ते यीस्ट मेदाम्लांवर वाढते, त्यामुळे तेल लावल्यास त्रास बळावू शकतो. तेव्हा तीन-चार आठवडे सर्व बंद ठेवूनही त्या जागी फरक पडला नाही, किंवा मध्येच लस येऊ लागली, सूज आली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. जाताना आतापर्यंत वापरलेल्या सर्व उत्पादनांच्या वेष्टनांवरील घटकांच्या यादीचे फोटो सोबत न्यावेत, म्हणजे पॅच टेस्ट (त्वचेवर घटक लावून ॲलर्जी तपासण्याची चाचणी) करायची ठरल्यास कोणते घटक तपासायचे हे त्यांना ठरवता येईल.