व्हर्न गॉस्डिन: संग्रह घेताना

अमेरिकन कंट्री गायक व्हर्न गॉस्डिन यांचा 'एकच हिट्स-संग्रह घ्यायचा तर कुठला?' या प्रश्नाच्या उत्तराला ही जोड. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीचा १९९० चा 'टेन इयर्स ऑफ ग्रेटेस्ट हिट्स' स्वस्तात दिसला तरी थांबा, त्याच्या नावालाच 'न्यूली रेकॉर्डेड' अशी पुस्ती आहे, म्हणजे त्यातली गाणी नव्याने गायलेली आहेत. कोलंबियात येण्याआधी गॉस्डिन इलेक्ट्रा, एएमआय, कम्प्लीट अशा कंपन्या फिरून आले होते. त्यामुळे 'टुडे माय वर्ल्ड स्लिप्ड अवे' (१९८२) किंवा १९८४ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं 'आय कॅन टेल बाय द वे यू डान्स' ही कोलंबियाची ध्वनिमुद्रणं नव्हेत. मूळ हवी असतील तर कव्हरच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात, वर्तुळातल्या 'पी'शेजारी छापलेलं वर्ष आणि कंपनी बघा. १९८२ च्या गाण्यापुढे १९९० असेल तर ते बहुधा पुन्हा गायलेलं. स्ट्रीमिंगवर मात्र हे वर्ष अनेकदा पुनर्प्रकाशनाचं असतं, तिथे गाण्याची लांबी ताडून पाहा.

'चिझल्ड इन स्टोन'साठी (कंट्री म्युझिक असोसिएशनचा, म्हणजे सीएमएचा 'वर्षातलं सर्वोत्तम गीत' पुरस्कार, १९८९) संग्रह नकोच, त्याच नावाचा अल्बम घ्या. 'सेट 'एम अप जो'सुद्धा त्यातच आहे. आणि इलेक्ट्राच्या काळातलं, गायिका एमिलू हॅरिसच्या साथीचं 'यस्टरडेज गॉन' नसलेला संग्रह माझ्या मते अर्धाच!